बाळीवेशीची क्रिकेटवाली

शिवलिंगप्पांच्या भुसार दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नसे. बाळीवेशीतले बाकीचे दुकानदार त्या वेळी गादीवर पेंगत असत. या दुकानाच्या बाकावर मात्र बसायला जागा मिळायची नाही, कारण त्या वेळी दाक्षायणी पेपर वाचायची.

दाक्षायणी शिवलिंगप्पांची सून. माहेर अक्कलकोटकडचं, घरी कानडी, शाळेत मराठी, पाचवीपर्यंत शिकलेली. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली, तेव्हा त्यांनी सुनेच्या हातात पुण्याचा पेपर दिला. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराआड बसून ती वाचायची. बाहेर नुसता आवाज ऐकू यायचा. नवरा शिवशरण तुरी आणि ज्वारी घ्यायला मंद्रूप-मोहोळच्या बाजारांना हिंडत असे, त्यामुळे दुकान सासऱ्यांचं आणि पेपर सुनेचा, अशी वाटणीच झाली होती.

१९३३ सालच्या दिवाळीच्या सुमारास इंग्लंडचे क्रिकेटवाले हिंदुस्थानात उतरले. जार्डिन त्यांचा कप्तान, नायडू आपला. डिसेंबरात मुंबईला पहिली टेस्ट होणार होती. आपल्या भूमीवर टेस्ट कधी झालीच नव्हती, त्यामुळे बाकावरच्या मंडळींना दुसरं काही सुचेना. भाव, पाऊस, कलेक्टरची बदली, सगळं मागं पडलं. "जार्डिन भारी का नायडू?" एवढंच चालायचं.

तंबाखूचे व्यापारी गुरप्पा नायडूचे भक्त. "मुंबईत एका डावात अकरा सिक्सर मारले त्या माणसानं! अकरा!" असं म्हणून ते दहाच्या दहा बोटं पसरायचे आणि अकराव्यासाठी शेजाऱ्याचं बोट धरायचे. त्यांच्यासमोर बाळासो. हा एका मिलमध्ये टाइमकीपर होता, मिलच्या टीमचा बोलरही होता. पुण्याला मोठमोठे सामने बघितलेत असं सांगायचा, म्हणून बाकावर त्याच्या शब्दाला वजन होतं.

"बॅटीवाले ऱ्हाऊ द्या," एक दिवस बाळासो म्हणाला. "मॅच बोलर जिंकतो. आपला निसार बगा. गेल्या साली लॉर्ड्सला त्यानं जार्डिनला भोपळा फोडू दिला न्हाय. आल्या पावली धाडला!"

बाकावर वाहवा झाली. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"तसं न्हाय ते."

सगळ्यांच्या माना वळल्या. आजवर त्या दाराआडून छापलेल्याखेरीज एक अक्षर आलं नव्हतं.

"जार्डिननं पहिल्या डावात एकोणऐंशी केले," दाक्षायणी म्हणाली, "आणि दुसऱ्यात पंच्याऐंशी. दुसऱ्यांदा तर तो बादच झाला न्हाय. पहिल्यांदा त्याला काढला तो नायडूनं. निसारनं दुसरे पाच काढले."

बाळासोचा चेहरा उतरला. "वहिनी, पेपरात चुकीचं आलं आसंल."

यावर आतून एक पत्र्याचा डबा उंबऱ्याबाहेर सरकला. त्यात कात्रणं होती. पेपर पुड्या बांधायला जायच्या आधी क्रिकेटचा मजकूर ती कापून ठेवत असे. गुरप्पांनी कात्रण शोधून मोठ्यानं वाचलं. आकडे बरोब्बर तेच निघाले. "हौदु, हौदु," शिवलिंगप्पा मान डोलावत म्हणाले, आणि खरं आहे हे कानडीत सांगून झाल्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या दिवसापासून वाद कुठंही अडला की लोक दाराकडं बघायचे. दाक्षायणीही आधी लाजत, मग धीटपणे मत द्यायला लागली. ती नुसत्या बेरजा सांगत नसे. "बाकीचे पटापट पडत असताना कोण उभा राहिला, ते आधी बगावं," हे तिचं मोजमाप. त्या मापानं तिनं जार्डिनला वरचा नंबर दिला, तेव्हा गुरप्पा दोन दिवस दुकानावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पण नायडू शहाणा. सिक्सर मारला की धावायचं काम न्हाय. माणूस दमत न्हाय." गुरप्पांचा राग तिथल्या तिथं गेला.

सासूबाई बसव्वांना हे सगळं आधी पसंत नव्हतं. पण सिद्धेश्वराच्या देवळात दोन बायकांनी त्यांना थांबवून "तुमची सून म्हणं क्रिकेट सांगती?" असं कौतुकानं विचारलं, तेव्हापासून दुपारची भांडी त्या स्वतः घासायला लागल्या.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बाळासोच्या मिलची रेल्वेवाल्यांशी मॅच होती. बसव्वाच म्हणाल्या, "शिवशरण, हिला दाखवून आण की. एवढं वाचती, बघू दे तरी एकदा." शिवशरणनं बैलगाडी काढली. गाडी मैदानाच्या कडेला बाभळीखाली उभी केली आणि पडदा थोडा बाजूला सारला.

दाक्षायणीनं बराच वेळ इकडंतिकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "विकेट कुटं हाय?"

"ते काय समोर. त्या तीन काठ्या."

"त्या?"

तिच्या मनातली विकेट माणसाच्या उंचीची होती. गोठ्याच्या मेढींसारखे तीन जाड खांब, आणि 'विकेट पडली' म्हणजे ते खांब धाडकन कोसळत असणार. इथं गुडघ्याच्या जरा वर येणाऱ्या काठ्या! रन काढायची म्हणजे सगळ्या मैदानाला फेरी मारायची, असंही ती समजत होती. म्हणून तर शंभर रन करणाऱ्याचं नाव ती देवाच्या नावासारखं घ्यायची. इथं दोघं माणसं समोरासमोरच्या दोन टोकांत येरझारा घालत होती. बॅट तेवढी तिला वाटली होती तशीच निघाली, धुणं धोपटायच्या धोपाटण्यासारखी.

तिला आधी रडू येईल असं वाटलं, आणि आलं ते हसू. पदर तोंडात कोंबूनही थांबेना. "काय झालं?" शिवशरण विचारत राहिला. सांगितल्यावर तोही हसायला लागला, आणि दोघांच्या हसण्यानं गाडीचा बैल बुजला.

मग मात्र तिनं नीट खेळ बघितला. बाळासो लांबून धावत आला. पहिला चेंडू विकेटकीपरच्या डोक्यावरून गेला. दुसऱ्यानं मधली काठी उखडली. सगळ्या मैदानाबरोबर तिनंही टाळी वाजवली आणि मग दचकून हात पदराखाली घेतले. बाळासोनं आणखी दोघांना काढलं. पुढं रेल्वेच्या एका जाडजूड गार्डनं त्याला सलग तीन चौके मारले, तसा बाळासो चिडून आणखी जोरात टाकायला लागला आणि आणखी मार खायला लागला. मिल हरली.

दुसऱ्या दिवशी बाकावर बाळासो जरा खाली मान घालूनच आला. "वहिनी, काल तुमी बगितलंच. आता सांगा, निसार कसा आसंल?"

आत कात्रणांचा डबा मिटल्याचा आवाज आला. मग दाक्षायणी म्हणाली, "मला काय इचारता. मी कालपर्यंत समजत होते, विकेट माणसाएवढी उंच आसती. आन् रन काढायला मैदानाला फेरी मारावी लागती. मी काय खेळ बघितलाय? नुसता वाचलाय."

गुरप्पा आधी हसले. त्यांच्या पाठोपाठ सगळा बाक हसला, शिवलिंगप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. फक्त बाळासो हसला नाही. तो टोपी काढून दाराकडंच बघत बसला होता.

"आता मी बी सांगून टाकतो," तो म्हणाला. "पुण्याला मी मॅच बगितली न्हाय. तिकीट न्हवतं. कुंपणाबाहेर उभा ऱ्हायलो दिवसभर. टाळ्या आयकल्या की शेजारच्याला इचारायचो, काय झालं? त्यालाबी म्हाईत नसायचं."

"मग निसार?" गुरप्पांनी विचारलं.

"निसारचा फोटो बगितलाय."

यावर जो हशा झाला, तो ऐकून शेजारचा पेंगणारा दुकानदार उठून आला. त्यानंतर बाळासो आणि दाक्षायणी यांच्यात कधी खडाजंगी झाली नाही. खेळताना चेंडू कसा हातातून सुटतो, बोटं कशी धरायची, हे तो दाराकडं तोंड करून सांगायचा, आणि ती त्याला वाचून दाखवायची. "त्या गार्डला तुमी हळू टाकायला पायजे होतं," असं तिनं एकदा सांगितलं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं मान हलवली.

टेस्टच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं नाव सांगितलं. आपल्याकडून सगळ्यात जास्त रन कोण करणार? गुरप्पांचं अर्थात नायडू. बाळासोनं अमरसिंगाचं नाव घेतलं, कारण बोलरनं मारलेलं त्याला फार आवडायचं. शिवलिंगप्पांना मुंबईचा तो नवा पोरगा मर्चंट ठीक वाटला. दाक्षायणीनं आपल्या मापानं सगळ्यांना तोललं आणि शेवटी नायडूवरच बोट ठेवलं.

मंगळवारच्या पेपरासाठी बाळासो स्वतः स्टेशनवर गेला आणि धावत दुकानात आला. उंबऱ्यापाशी पेपर ठेवून म्हणाला, "मी उघडला न्हाय. तुमीच वाचा."

दाक्षायणीनं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. दुसऱ्या डावात आपले दोन गडी लवकर पडले होते. आणि मग लाला अमरनाथ नावाच्या एका पंजाबी मुलानं, पहिल्याच टेस्टमध्ये, शंभराच्या वर रन केले होते. लोक मैदानात धावत शिरले. हिंदुस्थानकडून टेस्टमधलं हे पहिलं शतक.

"अमरनाथ?" गुरप्पा म्हणाले. "ह्याचं नाव कुणी घेतलं होतं?"

कुणीच घेतलं नव्हतं. दीड महिना रोज दुपारी तोलामोल करून, त्या बाकावर हे नाव एकदाही आलं नव्हतं.

"परत वाच," शिवलिंगप्पा म्हणाले. तिनं परत वाचलं. या वेळी तिचा आवाज चढला, आणि वाचता वाचता ती कधी उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली ते तिच्याही लक्षात आलं नाही. बाकावरच्यांनी जराशी जागा केली. बसव्वा मागून आल्या, त्यांनी सुनेच्या डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला आणि स्वतःही तिथंच उभ्या राहून ऐकू लागल्या.

मॅच आपण हरलो, हे बुधवारी कळलं. पण त्या मंगळवारी बसव्वांनी बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या हातावर शेंगापोळी ठेवली, आणि बाळासो तोंडात घास असतानाच विचारायला लागला, "वहिनी, आता कलकत्त्याच्या टेस्टला ह्या पोराला त्यांचा कुठला बोलर आडवंल, व्हेरिटी का क्लार्क?"