युसूफचाचांचा क्यूबिट

मला दिसत नाही, आणि मी धुळ्याच्या कॉलेजात क्वांटम फिजिक्स शिकवते.
ज्यांना हे पचत नाही त्यांनी पुढे वाचू नका.

आज सकाळी जळगावचे युसूफचाचा गेले. खरादावर, म्हणजे लाकडाच्या लेथवर, खाटांचे, पाळण्यांचे पाय कातायचे. शाळा चौथीपर्यंत.

जळगावात एम.एस्सी.ला क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सगळ्यात छोटा घटक, शिकताना आमचे सर मला म्हणाले होते, "क्यूबिटची अवस्था गोलावर बघायची असते. तू कशी बघणार? दुसरा पेपर घे."

मी नाही म्हटलं.

एरंडोलहून आबा आले, माझे वडील. सरांना आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "मनी पोर बठ्ठं शिकी." माझी पोर सगळं शिकेल. आणि मला थेट त्यांच्या ओळखीच्या युसूफचाचांच्या दुकानात घेऊन गेले.

मी म्हणाले, "चाचा, सागाचा गोल हवाय. वरच्या टोकाला शून्य, खालच्या टोकाला एक. मधोमध गोल फिरणारी खाच."

"और बीच की जगह में क्या?"

"तिथे दोन्ही थोडं थोडं. खाचेवर अगदी निम्मं-निम्मं. मोजलं की मात्र शून्य नाहीतर एक, एवढंच हाती येतं."

पहिला गोल मी परत केला. खाच बोटाला लागत नव्हती.
चाचा चिडले नाहीत. दुसरा कातला, दोन्ही टोकांना आणि खाचेवर पितळी खिळे ठोकले.

मग खाचेवरच्या समोरासमोरच्या दोन खिळ्यांवर माझी बोटं ठेवली.
"ये भी आधा-आधा, वो भी आधा-आधा. तो फरक क्या हुआ?"

मी दोन्ही खिळे पुन्हा पुन्हा चाचपले.

त्यांनी गोल पाव फेरा कलवला. एक बोट वरच्या टोकाला गेलं, दुसरं खाली.
"अब?"
"आता हा शून्य. तो एक."
"तो फरक पहले से था. नापने से पहले घुमाना था, बस."

तोंडी परीक्षेत सरांनी नेमका हाच प्रश्न विचारला.
मी गोल त्यांच्या हातात दिला. "सर, डोळे मिटा आणि फिरवा."
सरांनी डोळे मिटले, खिळ्यांवर बोटं ठेवून गोल पाव फेरा कलवला.
मग सर म्हणाले, "पुढचा प्रश्न."

आज आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, 'अंध मुलीवर उपकार करणारा देवमाणूस.'

डिलीट करा ते.

उपकार करणारा माणूस प्रश्न विचारत नाही. चाचांनी विचारला. मला येत नव्हतं तर तोंडावर सांगितलं, "तेरेको नहीं आया, सोच."
वर्गात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

दुपारी चाचींजवळ बसून आले.

उद्या नवीन बॅचचं पहिलं लेक्चर आहे. रजा टाकलेली नाही.

चाचा, तुम्हाला मनापासून सलाम. आरामात जा.