आक्काचं वेटेज

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा टांगत नाहीत. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. उतारे टाकणाऱ्यांना ती तोंडावर झापायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

मी बारामतीत खोली घेऊन राहते, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घर इंदापूर तालुक्यात, कळसला. आई रिटायर झाल्यावर दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन जायचे आणि आम्ही दोघी एक गेम खेळायचो. त्यात वस्ती वसवायची असते. प्रत्येक पात्राला शेती, बांधकाम, लढाई, उपचार अशा कामांचं वेटेज द्यायचं. ज्या कामाचं वेटेज जास्त, ते काम पात्र आपणहून करतं. एक पात्र माझं, सुजाता. एक आईचं — आक्का.

"आई, तुला उपचाराला लावू?"

"न्हाय गं बाय! जलमभर इंजेक्शनंच टोचली. मला लढाईला घाल."

मग आक्का लांडग्यांवर तुटून पडायची आणि आई चष्मा सावरत ओरडायची, "हाण! हाण त्याला!"

गेल्या वर्षी आई हार्ट अटॅकने गेली. जलदान विधी झाला, मी बारामतीला परतले. गेम उघडायची हिंमतच होईना.

काही महिन्यांनी मला डेंग्यू झाला. धाकटा भाऊ सुमेध पुण्याहून आला. दुपारी तो औषधं आणायला गेला होता, मला ताप भरला होता, आणि आईची इतकी आठवण आली की मी गेम उघडला. माझं पात्र वस्तीच्या दवाखान्यात खाटेवर आजारी पडलेलं. शेजारी आक्का बसलेली. वेटेज पाहिलं — लढाई शून्य, उपचार शंभर.

"तापात तूच केलं असशील, ताई," औषधं घेऊन परतलेला सुमेध म्हणाला. त्याने स्वतः लढाई शंभर केली, सेव्ह केलं आणि लॅपटॉप आपल्या बॅगेत कोंबला. सकाळी दोघांनी मिळून उघडला. उपचार शंभर. आक्का खाटेपाशीच.

सुमेध सॉफ्टवेअरमधला माणूस. सगळ्या फायली उलटसुलट तपासल्या त्याने. "हा नेटला जोडलेलाच नाही..." एवढंच म्हणाला.

मला भीती वाटली नाही. उलट डोळे उघडले की आधी तेच बघायचे. प्लेटलेट्स वाढल्या, ताप उतरला... आणि एका सकाळी आक्का पुन्हा लढाईवर! कुणी हात लावला नव्हता. वस्तीच्या वेशीवर उभी होती, पाठमोरी. बरी झाले याचा आनंद व्हायला हवा होता. मी ढसाढसा रडले. त्यानंतर साध्या सर्दीलासुद्धा मी गेम उघडून पाहिलाय — काही बदलत नाही.

मी डेंग्यूतून बरी झाल्यावर पुण्याला निघताना सुमेध बूट घालता घालता थांबला होता.

"ताई, त्यात अजून एक पात्र घालता येतं का?"

"येतं की. कुणाचं?"

"माझं."

घातलं. काम कुठलं देऊ विचारलं, तर म्हणाला, "राहू दे. तिला ठरवू दे."

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. सुमेधच्या पात्रासमोर अजून सगळी शून्यंच आहेत. त्याचा फोन येतो, नोकरीचं, इकडचं तिकडचं बोलून होतं, आणि ठेवता ठेवता तो हळूच विचारतो, "ताई... काही ठरवलं का गं तिनं?"