शालिनीकाकूंचा ख्रिसमस बाजार

दर डिसेंबरात आमच्या मॉन्ट्रियलच्या मराठी मंडळाची बस क्यूबेक सिटीला ख्रिसमस बाजार बघायला जाते. जर्मन पद्धतीचा बाजार, हुबेहूब तिकडच्यासारखा. शालिनीकाकू बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढत, मांडीवर भलीमोठी पिशवी घेऊन, आणि परतताना ती रिकामी असे. "मला मेलं त्या बाजाराचं काय कौतुक," असं वर म्हणत. मग येता कशाला, हे विचारायचं धाडस मला तीन वर्षं झालं नाही.

माझ्या मंडळातल्या चौथ्या वर्षी उणे अठरा तापमान होतं. काकू घसरून पडतील या भीतीने मी मागोमाग गेले आणि सगळा उलगडा झाला. चर्चच्या पायऱ्यांपाशी त्यांचा तिथेच राहणारा मुलगा नितीन, फ्रेंच सून सोफी आणि छोटी नात उभी होती. या लग्नापायी काकांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. घरात त्याचं नावही निघत नसे. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ही मंडळाची बस.

पिशवीतून तांदूळ, नारळ, खण निघाला. सोफीला पदर कुठला, तिने मफलर पसरला. काकूंनी हातमोजे काढून तिथेच बर्फात तिची ओटी भरली. बोटं लालबुंद झाली होती. मी रागावले, तर म्हणाल्या, "सून आहे माझी. आणि भांडण बापलेकांचं आहे, मी मधली. मधल्याने दोन्हीकडे जात राहायचं असतं."

गेल्या मार्चमध्ये काकू गेल्या. नितीन अंत्यविधीला आला, शेवटच्या रांगेत बसला आणि तसाच निघून गेला. मला काकांचा फार राग आला. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

डिसेंबरात काकांचा फोन आला. "बसमध्ये एक सीट मिळेल का?" एवढंच विचारलं.

ते आमच्याबरोबर बसने आले. चर्चपाशी मीच त्यांना घेऊन गेले. आई नसली तरी नितीन नेमाने तिथे आला होता, मुलीचा हात धरून. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ती दर वर्षी निघताना मला विचारायची, येता का," ते म्हणाले. "अकरा वेळा नाही म्हणालो रे मी."

नितीनने पुढे होऊन त्यांना धरलं. मी बाजूला जाऊन रडून घेतलं. हे बघायला काकू हव्या होत्या.