दोरीवरचा पांढरा शर्ट

सकाळी उठल्यावर आत्या आधी खिडकी उघडायची आणि समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे बघायची. चहा त्यानंतर. "वरच्या मजल्यावरची मुलगी माहेरी आलेली दिसतेय, बाळाची दुपटी आहेत," असं काहीतरी स्वतःशीच बोलायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "वन्सं, लोकांच्या दोऱ्या राहू द्या, चहा गार होतोय तुमचा."

"होऊ दे गार. घराचं खरं दारात कळत नाही वहिनी, दोरीवर कळतं."

आत्या समाजकल्याणाच्या कचेरीत होती. ज्या बायकांच्या मागेपुढे कुणी नाही, त्यांना सरकारकडून दरमहा थोडी मदत मिळायची. ती योग्य घरी पोचते की नाही, हे घरोघर जाऊन बघणं हे आत्याचं काम. लग्न तिने केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत राहायची आणि चपला अशा लावून ठेवायची की जणू त्यांचीही तपासणी होणार आहे. कचेरीत तिला कडक इस्त्री म्हणत. ते तिला माहीत होतं आणि आवडतही होतं.

तिच्या शेजारच्या टेबलावर कोकिळा बसायची. हे नाव आत्यानेच ठेवलेलं, आणि कौतुकाने नव्हे. कोकिळेला काम आत्याने शिकवलं होतं. पण आत्या कुठल्याही गल्लीत शिरली की बायका हटकून विचारायच्या, "त्या दुसऱ्या बाई नाही का आल्या आज?" हे वाक्य आत्या घरी आणायची आणि जेवताना आमच्यापुढे ठेवायची. मग कोकिळेची नक्कल. मान तिरपी, आवाज मऊ, "असं का बरं झालं, बसा ना मावशी." नक्कल इतकी हुबेहूब असायची की कोकिळेला न भेटताच आम्हाला ती आवडायला लागली. हे आत्याच्या लक्षात आलं आणि नक्कल बंद झाली.

एका वर्षी दुसऱ्या देशातून पाहुणे यायचं ठरलं. त्यांच्याकडेही एकट्या बायकांसाठी अशीच योजना सुरू होणार होती आणि आपण ती कशी चालवतो हे त्यांना बघायचं होतं. साहेबांनी सगळी तयारी आत्यावर सोपवली. वर सहज म्हणाले, "त्यांना काम आवडलं तर शिकवायला आपल्यातल्या कुणाला तरी ते तिकडे बोलावतील." आत्या त्याच संध्याकाळी चाकांची बॅग घेऊन घरी आली.

"अजून पाहुणे यायचेत," आई म्हणाली.

"घरात असू द्यावी एखादी."

कचेरीच्या भिंती पुसल्या गेल्या, खुर्च्या एका रेषेत आल्या, नीटनेटकं बोलणाऱ्या बायकाच आत्याने निवडून बोलावल्या. पाहुण्यांनी सगळं बघितलं, माना हलवल्या. चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एका पिकल्या वेणीच्या बाईने दुभाष्यामार्फत विचारलं, "हे सगळं छान आहे. तुमचं चुकलं कुठे, तेही सांगा ना."

"आमच्याकडे चुका होत नाहीत," आत्या म्हणाली.

दुभाष्याने ते सांगितलं. पाहुणे चहा प्यायला लागले.

तेवढ्यात कोकिळा म्हणाली, "एकदा चुकलं होतं आमचं. एक बाई होती, नवरा गेलेला. तिच्या दोरीवर पुरुषाचा शर्ट दिसला. आम्हाला वाटलं, घरात कमावता माणूस आहे. मदत बंद केली. अख्खा हिवाळा बंद होती. मग ती कचेरीत आली आणि म्हणाली, शर्ट मी जुन्या बाजारातून आणलाय. इथे बाई एकटी राहते हे गल्लीला कळू नये म्हणून."

पाहुण्यांच्या हातातली बिस्किटं हातातच राहिली. पिकल्या वेणीची बाई हळूहळू काहीतरी बोलली. दुभाष्या म्हणाला, "त्या म्हणतात, आमच्याकडे बायका दाराबाहेर पुरुषाचे बूट ठेवतात. आमची माणसंही हेच करून बसतील."

आत्या ट्रेमधले चमचे सारखे करत राहिली.

महिन्याभराने निरोप आला. आठवडाभर येऊन तिकडच्या माणसांना शिकवायचं होतं. ज्या बाईंनी शर्टाची गोष्ट सांगितली, त्यांनाच पाठवा.

त्या दिवशी घरात भांड्यांचा आवाज होत होता. आई शांतपणे कणीक मळत होती.

"तो शर्ट बघितला कुणी? मी! शेरा मारला कुणी? मी! ती बया तेव्हा शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होती. चूक माझी, आणि विमानात बसणार ती!"

"मग साहेबांना जाऊन सांगा ना वन्सं, चूक माझी होती म्हणून."

आत्याच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. हे तिला सुचलंच नव्हतं. रात्रभर तिच्या खोलीतून कुशी बदलल्याचा आवाज येत होता. सकाळी तिने दोऱ्यांकडेही बघितलं नाही, ठेवणीतले कपडे घातले आणि लवकर निघाली. संध्याकाळी आई दारातच उभी होती.

"सांगितलंत?"

"हो. म्हटलं, साहेब, तुमचा पंखा करकरतोय, तेल घाला."

रविवारी कोकिळा घरी आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आवाज खरंच मऊ होता, पण ती घाबरलेली होती. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली, "ताई, तो शर्ट मी कधी बघितलाच नाही हो. ती बाई काउंटरवर बोलली तेवढंच ऐकलं. तिकडे त्यांनी विचारलं की मग ओळखायचं कसं, तर मी काय सांगू?"

"मला नाही आठवत."

"काहीच नाही?"

"वय झालं."

आईने आत्याकडे बघितलं. शेजारच्या आजोबांच्या पायजम्याला ठिगळ कधी लागलं, हे ज्या बाईला पाठ होतं, तिचं वय झालं होतं.

कोकिळा उठली. "ठीक आहे. मी आपलं निळा चौकड्यांचा म्हणून सांगते."

"निळा?" आत्या ताडकन उभी राहिली. "पांढरा होता! कुणी सांगितलं तुला निळा?"

"मनानेच."

"मनाने काय? चूक माझी आहे, नीट सांग! पांढरा. अर्ध्या बाह्या. कॉलर बघायची आधी. अंगावर घातलेल्या शर्टाची कॉलर कितीही घासली तरी मळकी राहते. त्याची कोरी होती. आणि एकटाच होता. घरात पुरुष असला की शर्टासोबत बनियन असतो, रुमाल असतो, मोजे असतात. एकटा शर्ट कधी वाळत असतो का? आणि खांद्यावर उन्हाने पिवळा पडलेला. म्हणजे दोरीवरून कधी उतरवलेलाच नाही. मी तीनदा गेले त्या गल्लीत, तीनदा तोच शर्ट." ती थांबली. "मला दिसत होतं सगळं. तरी मी पुरुषच बघितला."

पर्समधून वही काढून लिहायला लागलेली कोकिळा थांबली होती.

"लिही ना," आत्या म्हणाली. "आणि तिकडे माझं नाव सांगायचं."

"चूक केली म्हणून?"

"मग काय दुसऱ्या कुणी केली?"

जाताना आत्याने ती बॅगही दिली. "ने. पायऱ्यांवरून ओढू नकोस, चाकं नवी आहेत."

कोकिळा परत आली तेव्हा आत्याने आधी चाकं तपासली. मग फोटो. एका मोठ्या खोलीत तरुण मुलंमुली बसली होती. फळ्यावर कुणीतरी दोरी काढली होती आणि तिच्यावर एकच शर्ट. खाली त्यांच्या लिपीत काही शब्द होते.

"हे तुमचं नाव आहे, ताई," कोकिळा म्हणाली. "आता ते लोक कुणाच्या घरी गेले की आधी विचारणार, हे बूट कुणी घालतं का."

आत्याने फोटो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. "बाह्या लांब काढल्यात," म्हणाली. "बघितलंस? एवढं सांगूनसुद्धा."

तो फोटो तिने आपल्या कपाटाला आतून चिकटवला. कोकिळेला मात्र शेवटपर्यंत माफी नव्हती. तिला बढती मिळाली तेव्हा आत्याचं डोकं दुखलं, तिच्या निरोप समारंभाला साहेब बोलता बोलता रडले तेव्हा आत्या दोन दिवस धड जेवली नाही. आत्याच्या स्वतःच्या समारंभात साहेबांनी पंख्याची आठवण काढली होती.

शेवटच्या आजारपणात आत्याचा पलंग आम्ही खिडकीशी हलवला. कोकिळा रोज संध्याकाळी यायची. आत्या डोळे मिटून पडायची, पण ती कधी उशिरा आली तर घड्याळाकडे बघायची. शेवटच्या दिवशीही कोकिळा आली, आईशी बोलत स्वयंपाकघरात बसली. मी आत्याची उशी सारखी करत होते. ती समोरच्या इमारतीकडे बघत होती. तिने माझं मनगट धरलं.

"समोरच्या मास्तरीणबाईंचा टॉवेल कालपासून तसाच आहे. एकटी असते ती. जा, बेल वाजवून बघ." मी निघाले, तशी मागून म्हणाली, "आणि कोकिळेला पाठवू नकोस. तूच जा."