स्कूटर क्लास आणि घरचे ब्रेक

बायकांना स्कूटर शिकवायचं काम घेतलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते समोरून हॉर्न वाजवत येतात! पेडण्याजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या मैदानावर, माझा क्लास भरतो. शिकणारी पुढे, मी मागे. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे बायका घरातलं काय काय बोलून जातात! फक्त 'मला त्रास आहे' असं सुरुवातीला एकीनंही म्हटलेलं नाही. एकीनंही!

*

सुलक्षा बँकेत नोकरीला. नवऱ्याचे सारखे फोन. "पोचलीस? कुठे आहेस? व्हिडिओ कॉल कर." आम्ही सगळ्या जळायचो. केवढी काळजी गो हिच्या घोवाला!

एकदा ऐन वळणावर डिकीतला फोन वाजला. सुलक्षा दचकली, हँडल वाकडं झालं आणि आम्ही दोघी धप्पकन लाल मातीत! गुडघा सोललेला, तरी तिने आधी फोन काढला.

पलीकडून प्रश्न आला, "मागे कोण बसलंय?"

मी कॅमेऱ्यात तोंड घातलं. "मी, टीचर!"

"हेल्मेट काढा."

काढलं! काय करणार?

फोन बंद झाल्यावर सुलक्षा गुडघ्याकडे बघत राहिली. "टीचर, रक्त दिसत होतं ना त्याला?"

"दिसत होतं."

"मग लागलं का, असं का नाही विचारलं त्याने?"

त्यानंतर आमच्यातली एकही कधी जळली नाही.

*

डिचोलीची प्रेमा. तिचा नवरा भारी विनोदी! बायकोला सोडायला यायचा आणि कठड्यावर बसून कॉमेंट्री करायचा. "आली बघा म्हैस! बाजूला व्हा, हिच्या डोक्यात नुसतं नारळाचं पाणी!" आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने प्रेमा हसायची.

पार्स्याच्या शांताकाकी आमच्या क्लासमधल्या सगळ्यांत वयस्कर, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र. त्या एक दिवस त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "रे बाबा, माका कळला नाय. परत सांग बघू."

त्याने परत सांगितलं.

"नाय रे, अजून नाय कळला. ह्यात हसायचा खंय?"

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज बसला. कोणी हसलं नाही. तो गाडीला किक मारून निघून गेला.

प्रेमा म्हणाली, "काकी, लग्न झाल्यापासून मी हसतेय. मला वाटायचं, रडू येतं ते माझंच काहीतरी चुकतं!" आणि त्या दिवशी तिने पाय न टेकता गाडीने अख्खा आठचा आकडा काढला!

*

दर्शना हरमलच्या हॉटेलात रिसेप्शनला. स्कूटर तिच्या पगारातून घेतलेली, पण पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. पेट्रोल तोच आणायचा, पाण्याच्या बाटलीतून. कामावर आणि क्लासला जाऊन परत येण्यापुरतं. थेंब जास्त नाही!

एकदा क्लासमध्येच म्हापशाहून भावाचा फोन आला, आई घसरून पडली. दर्शना तशीच निघाली आणि जवळच्याच चढावर पेट्रोल संपून गाडी बंद! आम्ही तिघींनी ढकलत वर नेली. मी, ती आणि शांताकाकी. वर पोचल्यावर दर्शना धापा टाकत म्हणाली, "पण टीचर, मारत नाही हां तो कधी."

काकी पदराने घाम पुसत म्हणाल्या, "मारूक कशाक होया गो? पेट्रोलाची बाटली आसा मा!"

आईला बघून आल्यावर दुसऱ्याच दिवशी दर्शनाने बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद केलं, नवं स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मैदानावर आली ती ओरडतच, "टीचर, टाकी फुल्ल!"

*

रितू कॉलेजातली. मित्राशी नातं तोडते म्हणाली की त्याचा मेसेज यायचा, 'गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन.' की ही धावत परत! एकदा मेसेज मैदानावरच आला. रितू गाडी आडवी टाकून पळायला लागली, तर प्रेमाने तिचा हात धरला.

"थांब. हे खरं असेल तर त्याला डॉक्टर हवा आणि घरची माणसं हवीत. तू एकटी काय करणार? फोन लाव त्याच्या घरी."

रितूने त्याच्या बहिणीला फोन लावला. थोड्या वेळाने बहिणीचा उलट फोन आला. "मी त्याच्याजवळच बसलेय. डॉक्टरकडे पण नेतो. त्याला सांभाळायला आम्ही आहोत. तू स्कूटर शीक!"

*

आणि आता शांताकाकींचा किस्सा. एकदा हँडल धरताना त्यांची बाही वर सरकली. दंडावर निळे वळ.

"पडलंय गो."

"काकी, पडल्यावर बोटं उमटत नाहीत."

काकींनी बाही खाली ओढून गाडी पुढे काढली. पुढून आवाज आला. "घोव माझो दारू पीत नाय, कोणाक वायट बोलत नाय. गावात देवमाणूस म्हणतत तेका. सांगू कोणाक?"

"मला सांगितलंत ना!"

"बहिणीक पण सांगितलंय. बांद्याक ऱ्हवता ती. खोली झाडून ठेवल्यान माझ्यासाठी."

लायसन्सच्या टेस्टच्या दिवशी काकींचे हे काका पांढरा शर्ट घालून आरटीओच्या गेटवर हजर. येणारा-जाणारा नमस्कार करतोय, काका हसून हात जोडतायत. आमचा सगळा क्लास श्वास रोखून उभा. काकींनी आठ काढला, ब्रेक लावला, पाय कुठेच टेकला नाही! साहेब खूश. "आजी, पास! आता सावकाश घरी जा."

आम्ही टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या! काकींनी पिशवी पुढे हुकाला अडकवली आणि गाडी सुरू केली. गेटबाहेर डावीकडचा रस्ता पार्स्याला घरी जातो, उजवीकडचा बांद्याला.

काकींचा उजवा इंडिकेटर लागला.

काकांना वाटलं, चुकून लागला. ते हात हलवत ओरडले, "अगो, डावीकडे! डावीकडे!"

इंडिकेटर उजवाच लुकलुकत होता.