साडेअकरापर्यंत

होळीनंतरच्या आठवड्यात माझी पत्नी गेली. ती रुग्णालयात होती तेवढे दिवस मी रोज मनापासून प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली नाही. त्यानंतर मी देवघरातला दिवा लावणं बंद केलं. त्यात राग नव्हता. ज्या दाराशी उभं राहून आपण हाका मारत होतो त्या घरात कोणी राहतच नाही, असं कळल्यावर माणूस गुपचूप परत फिरतो, तसा मी फिरलो. जन्मभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, त्यामुळे बोलायची सवय मुळातच कमी. पनवेलच्या घरात आता पुस्तकं होती आणि मी होतो, पण एक पान समोर धरून तासभर बसलो तरी ते उलटायचं लक्षात येत नसे.

पत्नीने बावीस वर्षं इथल्या एका कॅथलिक शाळेत ज्युनियर केजीचा वर्ग सांभाळला होता. ती एकादशी करणारी बाई; पण रोज सकाळी वर्गात जाण्याआधी आवारातल्या मदर मेरीच्या मूर्तीपुढे आमच्या कुंडीतलं एखादं फूल ठेवायची, आणि त्यात तिला कधी काही विसंगत वाटलं नाही. जूनमध्ये तिथल्या मुख्याध्यापिका घरी आल्या. त्या वसईकडच्या, मराठी आमच्याइतकंच स्वच्छ बोलणाऱ्या सिस्टर. नवी शिक्षिका अगदी तरुण, वर्गात चाळीस मुलं, आणि पहिले पंधरा दिवस म्हणजे नुसता आकांत. "सर, शिकवायचं काही नाही. सकाळी वर्गात बसायचं आणि सुटताना फाटकावर उभं राहायचं," त्या म्हणाल्या. मला जमणार नाही, असं मी सांगितलं. "जमणार नाही हे मलाही दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडे दुसरं माणूस नाही." शेवटी मी गेलो.

पहिल्या दिवशी मुलं रडत होती, उलट्या करत होती, दाराची कडी धरून लोंबकळत होती. छातीवर पिनेने लावलेले रुमाल तासाभरात भिजून गेले होते. पत्नी म्हणायची की रडणाऱ्यांची काळजी करू नये, ती आठवड्यात खेळायला लागतात. न रडणाऱ्याकडे बघावं. त्या चाळिसांत न रडणारी एकच होती. तिचं नाव तन्वी. ती खिडकीजवळच्या बाकावर बसे आणि दप्तर पाठीवरून काढत नसे. डबा खातानासुद्धा नाही. कोणी हात लावला तर पट्टे दोन्ही मुठींत आवळून धरी. शिक्षिकेने सांगितलं की तिचे वडील न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होते आणि जानेवारीत अपघातात गेले. आई आता एका गोदामात पॅकिंगला जाते. शाळा सुटली की शेजारीण तन्वीला घरी नेते. मुलगी दोन आठवड्यांत वर्गात रुळली नाही, तर तिला उरणला सासूकडे ठेवावं लागेल आणि आपण इथे एकटीने राहून नोकरी करू, असं आईने शाळेला आधीच सांगून ठेवलं होतं. बाप गेलेल्या मुलीची आईही सुटणार होती.

मी तिच्या शेजारच्या बाकावर बसायला लागलो. आठ दिवस बसलो. दुःखात असलेल्या माणसाला छेडू नये, असं मला नेहमी वाटत आलं आहे. स्वतःसाठीही मी लोकांकडून तेवढंच मागत होतो. म्हणून मी तिला काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही. रस्त्यावर मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला की ती मान वळवून खिडकीबाहेर बघे, आणि मी तिच्याकडे बघे. यालाच मी सोबत समजत होतो.

नवव्या दिवशी साडेअकराला शाळा सुटली तेव्हा मी फाटकावर होतो. कार्ड बघून एकेक मूल पालकाच्या हाती द्यायचं, एवढंच काम. गर्दीतून एक बाई पुढे आल्या. त्यांचा मोठा मुलगा माझ्या पत्नीच्या हाताखालून गेलेला. "टीचर गेल्या म्हणे? आम्हाला कोणी कळवलंच नाही," असं म्हणून त्या रडू लागल्या. मी त्यांच्याकडे वळलो. माझेही डोळे भरून आले असावेत. मिनिटभराची गोष्ट. मग शेजारीण कार्ड घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आमची तन्वी कुठंय?"

ती वर्गात नव्हती, बाथरूममध्ये नव्हती, चॅपलमध्येही नव्हती. सिस्टरांनी फोन हातात घेतला, सफाईच्या मावशी बाजाराच्या अंगाला धावल्या. मला खिडकी आठवली आणि मी हायवेकडे निघालो. या वयात धावता येत नाही, मी धावलो. सर्व्हिस रोडच्या कडेला ट्रेलरांची रांग लागलेली होती. चाकं माझ्या कमरेएवढी. त्यांच्या मधून चार वर्षांचं मूल चाललं तर वरच्या ड्रायव्हरला दिसणारही नाही. प्रत्येक दोन गाड्यांच्या मध्ये मी वाकून बघत होतो, आणि जे दिसेल त्याची भीती वाटत होती. शेवटच्या गाडीपाशी माझे पाय थांबले. तिथे मी हात जोडले. कोणापुढे, ते माझं मलाच ठाऊक नाही. शब्दही धड नव्हते. मला आता काहीच करता येत नाही, एवढंच मी म्हणालो.

मान वर केली तर पुलाखालच्या सावलीत एक भाजीवाली बसलेली होती. पन्नाशीची, आखूड नेसलेलं नऊवारी, पुढ्यात शेवळांच्या, त्या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या. आणि तिच्या गोणपाटावर, पाठीवर दप्तर घेऊन, तन्वी.

मी जवळ जाऊन तिचा हात धरायला वाकलो. बाईने माझं मनगट बाजूला सारलं.

"तुमी कोन?"

"ही आमच्या शाळेतली मुलगी आहे."

"आसंल. तुमी कोन ते इचारलं. मास्तर?"

"नाही."

"शिपाई?"

"नाही. मी तिथे नुसता बसतो."

"मास्तर नाय, शिपाई नाय. मंग काय शाळेतलं बाकडं हाय?" ती तन्वीकडे वळली. "पोरी, यो मानूस तुजा कोन?"

तन्वीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. कोणी नाही.

आठ दिवस हातभर अंतरावर बसून मी त्या मुलीला स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. तिने खरं तेच सांगितलं होतं.

"मंग बसा तितंच," बाई म्हणाली. "हिची आय येल तवा बगू."

मी सिस्टरांना फोन केला आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसलो. आई यायला अर्धा तास तरी लागला. तेवढ्या वेळात तन्वी एकेक जुडी उचलून दुसऱ्या जुडीवर ठेवत होती. बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता म्हणाली, "बापाची गाडी बगाया चालली व्हती. मी बोलली, मना काय ठावं नाय, पन उनात नको, हितं बस." मी हलक्या आवाजात सांगितलं की वडील आता नाहीत. "वाटलंच," ती म्हणाली. "जित्या बापाला कोन रस्त्यावं शोदतं?"

आई रिक्षातून उतरली ती गोदामाच्या ॲप्रनमध्येच. तिने मुलीला उचललं, तिचे हातपाय तपासले, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "फाटकावर तुम्ही होतात ना?" मी हो म्हणालो. "मग?" मी जे घडलं ते सांगितलं, कोणीतरी माझ्या पत्नीबद्दल विचारलं आणि मी वळलो. ती ओरडली नाही. "माझंही माणूस गेलंय, काका," ती म्हणाली. "मला वळायला मिळालं नाही." आणि रिक्षात बसून निघून गेली.

मी सिस्टरांना सांगितलं की उद्यापासून येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "पालक मला जाब विचारतील, आणि ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्याही माझ्याकडे दुसरं माणूस नाही." मी पुन्हा फाटकावर उभा राहिलो. लोक माझ्याकडे बघून आपल्या मुलांचे हात घट्ट धरत. तन्वी दोन दिवस आली नाही. उरणला पोचवलं असेल, असं शिक्षिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुलाखाली गेलो. ती भाजीवाली तिथे नव्हती. शोधत बाजारात गेलो तर फुटपाथवर बसलेली सापडली. ती नेऱ्याकडच्या एका गावातून यायची. मी आभार मानायला लागलो तर म्हणाली, "माल इकाया बसली व्हती, आजून काय." मग सहज सांगितलं की पुलाखाली ती कधीच बसत नाही. तिची जागा वर्षानुवर्षं इथलीच. त्या दिवशी सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, तराजू आणि जांभळांची पाटी उचलून घेऊन गेली. हातात शेवळं तेवढी उरली, आणि दुसरीकडे कुठे जायला जागा नाही म्हणून ती पुलाखाली जाऊन बसली.

हे ऐकल्यापासून मी फार दिवस विचार करतो आहे. मी हात जोडले त्याच्या आधीच ती बाई तिथे बसवली गेली होती, आणि तिला तिथे बसवण्यासाठी तिचा तराजू गेला होता. एकीचं मूल वाचावं म्हणून दुसरीची पाटी उचलायची, ही कसली कृपा? आणि माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली असताना अशी कोणतीच गाडी का आली नाही? मला हे उलगडलेलं नाही. उलगडेल असंही वाटत नाही. फक्त एवढं दिसतं की त्या आठवड्यात जे जे सावरलं गेलं ते दुसरा इलाज नसलेल्या माणसांनी सावरलं. शरण जाणं म्हणजे काहीतरी उदात्त असतं, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. जवळून पाहिलं तेव्हा ते फार साधं होतं. माणसाचे सगळे रस्ते संपतात, आणि उरलेल्या जागी तो जाऊन बसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तन्वीची आई फाटकापाशी आली. बरोबर तन्वी. "सासूबाईंना झेपत नाही म्हणाल्या," ती माझ्याकडे न बघता बोलली. "दुसरी सोय नाही म्हणून आणलंय. तुमच्यावर विश्वास ठेवून नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मी गुडघे टेकून खाली बसलो आणि तन्वीला माझं पूर्ण नाव सांगितलं. मी या शाळेत काय करतो ते सांगितलं. माझी पत्नी या वर्गाची टीचर होती आणि ती मेली, हेही सांगितलं. आई चपापली, पण तन्वीने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग तिने विचारलं, "तुम्ही पण जाणार का?"

नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, मलाही तेच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "साडेअकरापर्यंत नाही."

मग आईचा हात सोडून ती वर्गाकडे चालू लागली. दप्तर तिने त्या दिवशीही काढलं नाही, पुढे कितीतरी दिवस काढलं नाही. पण ती रोज आली, उरणला गेली नाही, आणि कधीतरी, मी मुद्दाम लक्ष ठेवलं नव्हतं तेव्हा, इतरांसारखं तिने रडूनही घेतलं.

पंधरा दिवसांसाठी गेलो होतो, तो अजून जातो आहे. सकाळी निघण्याआधी दिवा लावतो. त्याच्यापुढे काही मागत नाही. तो तराजू आणि रुग्णालयातली ती एकतर्फी राहिलेली प्रार्थना, दोन्ही मनात असतात, आणि तरीही हात जोडले जातात. जे मिळालं त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. का मिळालं ते मला माहीत नाही. शाळा भरल्यापासून साडेअकरापर्यंत माझे डोळे फाटकावरून आणि त्या मुलांवरून हलत नाहीत. तेवढं माझ्याकडे दिलेलं आहे. त्याच्या पुढचं ज्याचं आहे त्याच्याकडे आहे.