साच्यात नसलेला उंचवटा

इच्छापूरकडची आमची केळीची बाग अप्पांनी स्वतःच्या हातांनी उपटून पेटवली. पानांवर पिवळ्या रेघा आल्या होत्या आणि सगळे म्हणाले, व्हायरस आहे. माझे वडील वाद घालायला कुणालाही घाबरत नाहीत. पण जो दिसतच नाही त्याच्याशी भांडायचं कसं, याचा त्यांना बाग गेल्यापेक्षाही जास्त राग आला होता. जाळण्याआधी त्यांनी थोडी पानं माझ्या प्रयोगशाळेत पाठवली.

"तुझ्या त्या मशिनीत घाल," फोनवर म्हणाले. "मले त्याचं तोंड पाह्यचं आहे."

ती मशीन म्हणजे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. पानांतून विषाणू वेगळा करायचा, त्याचा थेंब बारीक जाळीवर पसरायचा आणि इतक्या झटक्यात गोठवायचा की पाण्याला स्फटिक व्हायलाही फुरसत मिळू नये. मग इलेक्ट्रॉनांनी फोटो काढायचे. मारा जास्त झाला तर विषाणूचं प्रथिन जळतं, म्हणून फोटो अंधुकच निघतात, धुळीच्या वावटळीत काढल्यासारखे. असे ढीगभर फोटो संगणक एकावर एक जुळवतो आणि त्या धुळीतून आकार वर येतो. इतकी वर्षं हेच करते, तरी तो वर येताना माझ्या अंगावर काटा येतोच.

दिवाळीला बुधवारा पेठेतल्या आमच्या घरी आले तेव्हा आकार तयार होता. लॅपटॉपवर अप्पांना दाखवला: एकच प्रथिन पुन्हापुन्हा गुंफून झालेलं विषाणूचं कवच. अप्पा उठले आणि थेट मावा जलेबीचा पुडा घेऊन आले. तो सोडायच्या आत माझ्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. "सुरुवातीला साचा दिला होतास का?"

दिला होता. तशी रीतच आहे. त्याच जातीच्या एखाद्या ओळखीच्या विषाणूचा आकार संगणकाला दिला की जुळवणं सोपं जातं. पण साचा हातात असला की संगणक निव्वळ धुळीतही तोच शोधून दाखवतो. आपण माणसंही काही वेगळं करत नाही म्हणा.

"म्हणजे हा खोटा?" अप्पांचा चेहरा उतरला.

"माहीत नाही. साच्याशिवाय पुन्हा करावं लागेल."

"मंग कर. पक्कं झालं की खाऊ."

दुरूनच प्रयोगशाळेतल्या संगणकाला पुन्हा कामाला लावलं. या वेळी सुरुवात नुसत्या गुळगुळीत गोळ्यापासून. माझा जीव टांगणीला. अप्पा शेजारून हलेनात, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "अहो, जलेबी वाळून राह्यली!"

हळूहळू गोळा खडबडीत झाला. त्यावर उंचवटे आले, उंचवट्यांची फुलं झाली. तेच कवच! आणि प्रत्येक प्रथिनावर, त्याच जागी, एक बारीकसा जास्तीचा उंचवटा. तो मी मागितला नव्हता. कुणीच मागितला नव्हता.

अप्पांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हे साच्यात होतं?"

"नाही."

"मंग हा आपल्याच वावरातला."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "इतका देखणा आहेस ना रे तू? मंग आमची केळीच कायले खाल्ली?"

आईने पुडा सोडला तरी त्यांचं त्याच्याशी भांडण चालूच होतं.